जावेचा वरचा आकडा

रत्नमाला खंडागळे हिला मरणाची भीती अशी कधी वाटली नव्हती. भीती एकाच गोष्टीची होती. आपण सुलेखाच्या आधी गेलो तर?

सुलेखा म्हणजे तिची थोरली जाऊ. दोघींची घरं हर्सूलला एकाच गल्लीत, मधे पिठाची गिरणी आणि बुद्धविहार. बारा वर्षं दोघींत बोलणं नव्हतं. समोरासमोर आल्या की रत्नमाला रस्त्याचा मधला भाग सोडायची नाही. सुलेखालाच गटाराच्या कडेनं जावं लागायचं. गल्लीतल्या बायकांना रत्नमाला म्हणायची, "मी तिला शिव्या देत नाय, का तळतळाट देत नाय. मला फकस्त तिच्या आधी जायचं नाय. ती गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला पुढच्या रांगेत बसून दोन वाट्या खीर खाल्ली, की मी मोकळी."

बायका हसायच्या. रत्नमाला हसायची नाही.

बाई ठेंगणी, अंगानं आटोपशीर, पण मनगटं गड्यासारखी. उडदाचं पीठ कुटून कुटून तशी झालेली. नवरा फकिरा गंगापूर लाइनीवर काळी-पिवळी टॅक्सी चालवायचा. तो गेल्यावर तिनं पापडाचं काम वाढवलं. पापड, कुरडया, बाजरीच्या खारोड्या. पण तिचं नाव होतं ते खारातल्या मिरच्यांसाठी. हिरवी लवंगी उभी चिरून तिच्यात मोहरीची भरड, मीठ आणि लिंबू असं भरायची, की बरणीचं झाकण उघडल्याबरोबर शेजारच्या घरातल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटावं. गुलमंडीतले दुकानदार माणूस पाठवून बरण्या न्यायचे.

अशा बाईला एक दिवस पापड लाटताना डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि ती पोळपाटावरच कलंडली. शेजारणींनी धरून आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टर दीपमाला मॅडमनी दंडाला पट्टा गुंडाळला. वरचा आकडा एकशे शहात्तर, खालचा एकशे दोन.

"पण एका मापावरून मी काही ठरवत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही धापा टाकत आलात, रांगेत भांडलात, वर माझा पांढरा कोट बघितलात. अशानं आकडा फुगतो. कुणाचा इथं येऊन उलटा खालीही येतो. घरी मोजायचं. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मधे एक मिनिट सोडून. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीला. बोलायचं नाही. असं सात दिवस. पहिल्या दिवसाचं सोडून द्यायचं, तेव्हा मशीनचीच धास्ती असते. बाकीच्या सगळ्यांची बेरीज करून सरासरी काढायची. ती खरी."

"आन ती वर आली तर?"

"तर गोळी. नाहीतर एखाद दिवशी अंगावरून वारं जाईल."

रत्नमालानं पदर सारखा केला. "मॅडम, एक इचारू? माझी एक जाऊ हाय. सहासष्ट वर्षांची. तिलाबी बीपी हाय. मी सगळं पथ्य पाळलं, तर तिच्याहून जास्त जगंन का?"

मॅडमना वाटलं, बाई जावेच्या काळजीनं विचारतेय. त्या हसून म्हणाल्या, "दोघीही नीट राहा, दोघीही खूप जगाल."

"दोघी नको," रत्नमाला म्हणाली आणि उठली.

हे एवढं वैर कशापायी, ते गल्लीला माहीत होतं, पण निम्मंच.

रत्नमालाला एकच लेक, मेघा. पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा तिचं लग्न कन्नडच्या एका शिक्षकाशी ठरलं. मुलगा शांत, घर चांगलं. मांडवाचे बांबू येऊन पडले होते, आणि मुलाचा चुलता दारात आला. बसला, पण पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही.

"पोरीला फिट येते म्हणं," तो फकिराला म्हणाला. "तुम्ही लपवून ठेवलं."

"कोण म्हणलं?"

"तुमच्या घरातल्याच माणसानं सांगितलं. परक्यानं सांगितलं असतं तर आम्ही इस्वास ठेवला नसता."

मेघाला फिट कधीच आली नव्हती. शाळेत असताना जयंतीच्या मिरवणुकीत उन्हात चालून विहाराच्या पायरीवर एकदा चक्कर येऊन पडली होती, तेवढंच. तिला उचलून तोंडावर पाणी मारणारी बाई होती सुलेखा. फकिरानं हातापाया पडून सांगितलं, डॉक्टरकडं चला म्हणाला. चुलता उठून गेला. बांबू परत गेले. आणि पुढच्या दोन महिन्यांत त्याच शिक्षकाचं लग्न सुलेखाच्या भावाच्या मुलीशी लागलं. तेव्हा कुणी सांगितलं ते सगळ्यांना कळलं, आणि कुणीच काही बोललं नाही.

त्यानंतर कन्नड म्हणू नका, गंगापूर म्हणू नका, जिथं मेघाची सोयरीक न्यावी तिथं 'ती फिटवाली का?' हा सवाल तिच्या आधी पोहोचलेला असायचा. मेघानं शिक्षण पुरं केलं, नाशिकच्या एका दवाखान्यात नोकरी धरली आणि लग्नाचं नाव काढायचं नाही असं आईला सांगून टाकलं. घरी यायची ती भर दुपारी, गल्ली दारं लावून पडलेली असताना, आणि जायचीही तशीच.

फकिरा या गोष्टीवर कधी बोलला नाही. नुसता आत आत जळत गेला. एका शिबिरात कुणीतरी त्याचा बीपी मोजला होता, तेव्हा चांगला आला होता. त्या एका आकड्यावर तो वर्षानुवर्षं निर्धास्त राहिला. मग एका सकाळी गंगापूरच्या स्टँडवर शिटं भरताना तो स्टिअरिंगवर वाकला तो वाकलाच. डोक्यातली शीर फुटली. डॉक्टर म्हणाले, बीपी होता. रत्नमाला म्हणाली, सुलेखा होती.

तर आता मोजणं आलं. रत्नमालानं मशीन आणलं. भिंतीला पाठ लावून, पाय जमिनीला टेकवून ती बसू लागली. हात हलता राहिला तर तिला कसला त्रास नव्हता. पण पाच मिनिटं गप्प बसायचं म्हटलं, की त्या रिकाम्या जागेत सुलेखा येऊन बसायची. तिचं ते तोंडावर पदर धरून हसणं, भाचीच्या लग्नात नेसलेली मोरपंखी साडी, फकिराच्या मयताला येऊन सगळ्यांपेक्षा मोठ्यानं काढलेला गळा. पट्टा दंड आवळायचा आणि आकडा धावत वर जायचा. सात दिवसांची सरासरी आली एकशे अठ्ठावन्नवर शहाण्णव.

मॅडमनी गोळी चालू केली आणि विचारलं, "बसता तेव्हा मनात काय असतं तुमच्या?"

"घरचंच."

"दुसरं काहीतरी आणा. आवडीचं. स्वयंपाक आणा."

रत्नमालानं मिरच्या आणल्या. डोळे मिटून ती मनातल्या मनात मिरच्या चिरायची, बिया झटकायची, मीठ भरायची. आणि हे चाललं असताना, मीठ भरता भरताच, एका सकाळी तिला ते सुचलं.

झालं होतं असं, की कडूबाई आदल्याच दिवशी एक खबर देऊन गेली होती. कडूबाई पालेभाजी विकायची आणि दोन्ही घरांत तिचा पाय होता. ती म्हणाली, "तुझ्या जावेचं लई हाल चाललेत बाई. पोरानं, अतुलनं, मशीन आणून दिलंय. दिसभर पट्टा घालून बसती. मनासारखा आकडा येस्तोवर मोजती आन तेवढाच सांगत फिरती, माझा एकशे वीस आला म्हणून."

"ती फसवणूक झाली," रत्नमाला म्हणाली. "आला तो सगळा धरायचा असतो. बरा धरायचा, वाईट धरायचा. मग भागायचं."

"ते मला काय कळतंय? पण डॉक्टरनं लोणचं, पापड, सगळं बंद केलंय. अळणी खाती आन ताटावर रडती. मला म्हणली, कडू, रत्नीच्या हातची खारातली मिरची एकदा जिभेवर ठेवली ना, तर मी मरायला मोकळी."

मरायला मोकळी. हे शब्द रत्नमालाच्या डोक्यात रात्रभर भिजले आणि सकाळी फुगून वर आले. ती मशीनपुढं बसली होती. मनातल्या मिरचीत तिनं चिमूटभर मीठ भरलं. मग आणखी भरलं. मग आणखी. मीठ वाढलं की जिभेला कळतं. पण लिंबू वाढवलं, मोहरी जरा कडक घेतली, वर थोडा गूळ किसला, की आंबट-तिखट-गोडात मीठ लपून बसतं. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? मशीन वाजलं. तिनं डोळे उघडले. एकशे बेचाळीस. एवढा खाली तिचा आकडा आजवर आला नव्हता.

पहिली बरणी गेली ती धम्मचक्र प्रवर्तन दिनाला. कडूबाईच्या टोपलीत बरणी ठेवत रत्नमाला म्हणाली, "अक्काला दे. म्हणावं, सणाचं हाय, नाय म्हणू नको."

कडूबाई बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले. "रत्ने, लई मोठं मन केलंस गं."

"जा आता. मेथी सुकंल तुझी."

महिन्यागणिक बरण्या जात राहिल्या. रिकामी बरणी धुऊनपुसून परत यायची, रिकामं भांडं परत पाठवू नये म्हणून आत मूठभर साखर घालून. ती साखर रत्नमाला गटारात ओतायची आणि बरणी पुन्हा भरायची. मीठ घेताना तिचा हात कधी कचरला नाही. उलट मूठ मिठात घातली की तिला मेघाच्या मांडवाचे ते परत गेलेले बांबू आठवायचे, आणि मूठ मोठी व्हायची.

मौज अशी, की गल्लीत रत्नमालाचं नाव झालं. विहारात भन्तेजी आले होते, त्यांच्यापुढं कुणीतरी सांगितलं की बघा, बारा वर्षांचं वैर या बाईनं विसरलं. भन्तेजींनी मैत्रीभावनेवर दोन शब्द बोलून तिच्याकडं बघून हात जोडले. रत्नमालानंही जोडले. घरी येऊन ती पाठ टेकून बसली, मोजलं, सरासरी काढली. एकशे चौतीसवर ब्याऐंशी. दीपमाला मॅडम म्हणाल्या, "शाब्बास. असंच चालू ठेवा."

"ठेवणारच हाय," ती म्हणाली.

फाल्गुनात गिरणीच्या रांगेत सुलेखाचा घोळणा फुटला. नाकातून रक्ताची धार लागली, पिठाच्या डब्यात, साडीवर, गिरणीच्या उंबऱ्यावर. बायका ओरडल्या. अतुल धावत आला, रिक्षा आली. जाताना सुलेखानं डोकं मागं टाकलेलं होतं आणि तोंडावर धरलेला टॉवेल लाल झाला होता. दवाखान्यात वरचा आकडा दोनशेच्या पुढं निघाला.

रत्नमाला आपल्या दारात उभी राहून हे सगळं बघत होती. आधी तिच्या पोटात गार वाटलं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. मग तिच्या लक्षात आलं की आपण दाराची चौकट घट्ट धरून ठेवली आहे. का धरली, याचा विचार तिनं केला नाही. आत गेली, हात धुतले आणि पापडाला बसली.

दोन-तीन दिवसांनी नाशिकहून मेघाचा फोन आला. मेघा फोनवर कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढवला.

"आई, मोठ्या आईचा फोन आला होता मला. दवाखान्यातून. नंबर अतुलदादाकडून घेतला म्हणे."

"काय म्हणली?"

"रडत होती. म्हणाली, तुझ्या आईनं मला माफ केलं, दर महिन्याला हातचं करून पाठवते. आता तू पण माफ कर, म्हणजे मी सुखानं मरेन." मेघा थांबली. "तू तिला माफ केलंस? मला न विचारता? माझं आयुष्य गेलं आणि तू तिला लोणची पाठवतेस?"

रत्नमालानं हातातलं लाटणं बाजूला ठेवलं. गल्लीला काय वाटतं याची तिनं कधी पर्वा केली नव्हती. भन्तेजींनी हात जोडले तेव्हाही तिला काही टोचलं नव्हतं. पण लेकीला हे असं दिसेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"माफ नाय केलं गं," ती म्हणाली.

"मग काय केलंस?"

"मीठ घातलं. लई घातलं. तिला बंद हाय ना, म्हणून."

मेघा हळू बोलली, "किती महिने?"

"सणापासून."

"आई, मी असल्या बायका रोज बघते. तोंड वाकडं, एक हात लोंबकळतोय, जीभ जड. 'पाणी' म्हणायला जातात आणि नुसतं 'आ आ' येतं. मोठी आई तशी झाली तर मला काय मिळेल?"

"तुझ्या बापाचं—"

"बाबांना जे झालं ते तिला झालं तर खरं कोण सांगणार? सांग ना. मला फिट येत नाही हे जिच्या तोंडून लोकांना पटेल अशी ती एकच बाई आहे, आणि खोटं उठवलेलीही तीच. तिची जीभ मला चालू पाहिजे. धडधाकट पाहिजे. मी येते."

आणि ती आली. दुपारी नाही, सकाळी, नळाला पाणी आलेलं असताना, गल्लीभर बायका हंडे घेऊन उभ्या असताना, बॅग घेऊन मधोमध चालत आली. घरी चहा घेतला आणि आईला म्हणाली, "चल."

सुलेखा दवाखान्यातून घरी आलेली होती. खाटेवर उशाला टेकून बसलेली, चेहरा उतरलेला. मेघाला बघून तिनं दोन्ही हात पुढं केले. "ये गं माझी बाय."

मेघा समोरच्या खुर्चीवर बसली. "मोठ्या आई, आईनं तुम्हाला माफ केलेलं नाही. त्या मिरच्यांत मीठ जास्त घातलेलं होतं. मुद्दाम."

सुलेखाचे हात तसेच हवेत राहिले. तिनं रत्नमालाकडं बघितलं. रत्नमालानं नजर हलवली नाही.

"मी रडत रडत खायचे गं त्या," सुलेखा म्हणाली. "वाटायचं, रत्नीनं पोटात घातलं माझं पाप."

"म्हणून तर बरणी लवकर संपायची," रत्नमाला म्हणाली. बारा वर्षांत जावेशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

अतुल दारातून पुढं आला. "काकू, हे पोलिसात जाईल! माझ्या आईला मारायला निघाली होतीस तू!"

"जा की," मेघा म्हणाली. "तिथं सगळंच सांगू. माझ्या लग्नापासून."

सुलेखानं पोराला हातानं गप्प केलं. मग खाली मान घालून म्हणाली, "काय पायजे तुला, मेघा?"

"रविवारी वंदनेनंतर विहारात उभं राहायचं आणि सांगायचं. काय झालं होतं, कुणी केलं, कशासाठी केलं. तुमच्या तोंडानं."

"जीव जाईल माझा तिथं. बघ ना, आकडा किती हाय."

"म्हणूनच आधी आकडा खाली आणायचा. येता रविवार नाही, त्याच्या पुढचा. मी सुट्टी काढून आलेय. नवी गोळी, अळणी जेवण. आणि मोजायचं नीट." ती आईकडं वळली. "पट्टा तू घालायचा. तू चढवलंस, तूच उतरव."

रत्नमालाला हे अजिबात पटलं नाही. पण लेक इतक्या वर्षांनी काही मागत होती.

त्या आठवड्यात गल्लीनं एक नवल पाहिलं. रत्नमाला सकाळ-संध्याकाळ सुलेखाच्या घरात शिरायची. आत दोघी समोरासमोर बसायच्या. सुलेखाच्या दंडावर पट्टा, दोघींचे पाय जमिनीला, आणि पाच मिनिटं शब्द नाही. एवढा वेळ इतक्या जवळून त्या एकमेकींना बघत बसण्याचा प्रसंग नव्या नवऱ्या होत्या तेव्हाही आला नव्हता. सुलेखा भिंतीकडं बघायची. रत्नमाला मात्र सरळ तिच्याकडं बघायची, आणि आपल्या बघण्यानं तिचा आकडा वर चढतोय हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. तिला ते गोड लागलं. मेघाच्याही ते लक्षात आलं.

"आई, खिडकीकडं तोंड करून बस."

"मी काय केलं?"

"तू बघतेस. पहिला दिवस मी सोडून देणारच आहे, पण उद्यापासून असं चालणार नाही. मला रविवार गाठायचाय."

मग रत्नमाला खिडकीकडं तोंड करून बसू लागली. आकडा जास्त आला की सुलेखा गयावया करायची, "परत घे ना. आता चांगला येईल." रत्नमाला म्हणायची, "नाय. आला तो आला. मांडायचा." या एका गोष्टीत तिनं जावेला तसूभर सूट दिली नाही. एकदा सुलेखा गोळी जिभेखाली लपवून नंतर थुंकली. आजारी राहिलं तर रविवार टळेल असा तिचा हिशेब. रत्नमालानं तिचं तोंड उघडून बोटानं गोळी शोधली, पुन्हा घशात सारली आणि वर पाणी पाजलं. दोघींची त्या दिवशी अशी झटापट झाली, की कुणी लांबून बघतं तर म्हणतं, बाई जावेची किती सेवा करतेय.

सात दिवस भरले. मेघानं पहिला दिवस वगळून बेरीज केली, भागलं. एकशे एकोणचाळीसवर शहाऐंशी. दीपमाला मॅडमना दाखवलं; त्या म्हणाल्या, "चांगलं उतरलंय. अजून थोडं उतरेल. रोजचं चालणं-बोलणं करू द्या."

"बोलणं?" मेघानं विचारलं.

"हो. बोलायला काही हरकत नाही."

त्या रविवारी विहार भरला होता. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं. 'मुसावादा वेरमणी', खोटं बोलणार नाही, हे सगळ्यांबरोबर सुलेखानंही म्हटलं. मग ती खांबाला धरून उभी राहिली. पांढऱ्या साडीत ती अगदी वाळलेली दिसत होती.

"मेघाच्या लग्नाच्या टायमाला," ती म्हणाली, "कुणीतरी तिकडं सांगितलं होतं, की—"

"कुणीतरी नाही," मेघा बसल्या जागेवरून म्हणाली.

सुलेखानं ओठ ओले केले. "मी सांगितलं. कन्नडला जाऊन सांगितलं, की पोरीला फिट येते. येत नव्हती. एकदा उन्हानं चक्कर आली होती, मीच पाणी मारलं होतं. माझ्या भावाची पोरगी बसून होती. मुलगा चांगला होता. मला वाटलं, मेघा शिकलेली हाय, तिला दुसरा मिळंल." ती रडायला लागली. "मला नव्हतं वाटलं, सगळीकडं पसरंल म्हणून."

कुणी उठून तिला धरलं नाही. कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं मोठ्यानं विचारलं, "म्हंजी पोरीला काय नव्हतंच?"

"नव्हतं," सुलेखा म्हणाली.

"आन आम्ही बारा वर्षं तिला फिटवाली म्हणलो?"

अतुल उठून बाहेर गेला, चपला न घालताच. रत्नमाला पुढच्या रांगेत बसली होती. जावेची मान कशी खाली गेलीय, हे ती डोळे भरून बघत होती. खीर खाऊन जे वाटलं असतं, त्याहून हे जास्त भरत होतं पोटात. मेलेल्या माणसाची मान खाली गेलेली कुठं दिसते?

पुढचे काही दिवस तिनं ते सुख चवीनं घेतलं. सुलेखाचा भाऊ येऊन दारातच तिला वाट्टेल ते बोलून गेला. आमच्या पोरीचा संसार चव्हाट्यावर आणलास म्हणाला. सुलेखाची सून तिच्यापुढं ताट आदळू लागली. गल्लीतल्या बायका सुलेखा आली की बोलणं थांबवू लागल्या. हे सगळं कडूबाई भाजीबरोबर आणून द्यायची आणि रत्नमाला ऐकून घ्यायची. शेवटी कडूबाईनंच विचारलं, "आता तरी मिटलं ना बाई?"

"ती बोलली," रत्नमाला म्हणाली. "मिटलं असं मी कुठं म्हणलं?"

बरण्या मात्र बंद झाल्या. मेघानं तशी शपथच घातली होती.

मेघा परत जाण्याच्या आदल्या संध्याकाळी रत्नमालाच्या फोनवर अनोळखी नंबर आला. कन्नडहून एक बाई बोलत होती. आवाज दबलेला, मागं लहान मूल रडत होतं.

"काकू, मी सुलेखा आत्याची भाची. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच सांगितलं होतं, की एक ठरलेलं मोडलंय. आता इथं सासू म्हणती, खोट्यावर आलेली सून. हे माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत." मग ती म्हणाली, "काकू, माझा काय दोष?"

सुलेखासाठी तिच्याजवळ बारा वर्षांचे शब्द साठलेले होते. या बाईसाठी एकही नव्हता. "बाळाला घे आधी, रडतंय," एवढंच ती म्हणाली, आणि फोन खाली ठेवला.

मेघा चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "कोण होतं?"

रत्नमालानं सांगितलं.

"काय म्हणालीस तिला?"

"काय म्हणणार? तिचा दोष नाय."

"नाही," मेघा म्हणाली. "माझाही नव्हता." तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि आईला म्हणाली, "उद्या सकाळी तिचा नंबर मला दे. मी बोलते तिच्याशी."

रत्नमालानं मान हलवली. तिनं ताटं घेतली, दार सताड उघडं ठेवलं, आणि गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत मायलेकी जेवायला बसल्या.